पहिली गोळी

कर्लीच्या खाडीकाठी एक म्हातारा पागी राहत होता. पागी म्हणजे पाग मारून मासे धरणारा. पाग हे हातानं फेकायचं गोल जाळं, मधोमध ओढायची दोरी आणि सगळ्या कडेला ओवलेल्या शिशाच्या गोळ्या. फेकणाऱ्याचा हात बसलेला असेल तर पाग हवेत पुरता उघडतो आणि त्याची कड चहूबाजूंनी एकाच वेळी पाण्याला लागते. या ‘एकाच वेळी’वरच सगळं अवलंबून. एक बाजू क्षणभर मागं राहिली, की तिच्याखालून बोयी मासे निसटतात आणि ओढून वर येतो तो नुसता चिखल.

वैशाखात एकदा म्हाताऱ्याचा पाग कालवं धरलेल्या खडकाला अडकला. ओढाओढीत जाळं सुटलं, पण कडेची दोरी तुटली आणि निम्म्या गोळ्या खाडीच्या तळाशी गेल्या. मिरग तोंडावर आलेला. पहिल्या पावसात हातात धड पाग नसणं पागीला परवडत नाही. शिसं घरात होतं. बापाच्या आणि आज्याच्या फाटलेल्या पागांच्या गोळ्या म्हाताऱ्यानं एका डब्यात जपून ठेवल्या होत्या. पण त्या नाना मापांच्या, तशाच ओवता येण्यासारख्या नव्हत्या. वितळवून एका मापाच्या करायला हव्या होत्या. शेजारच्यानं गाडीची जुनी बॅटरी फोडून शिसं देऊ केलं, तेव्हा म्हाताऱ्यानं दोन्ही हात जोडून नको म्हटलं. त्या प्लेटांबरोबर आम्ल येतं आणि विषारी धूळ येते, ती त्याला घराजवळ नको होती.

त्याचे हात आता कापत असत. बारावीची परीक्षा देऊन नातू घरीच होता. म्हाताऱ्यानं त्याला साचा करायला बसवलं.

पडक्या घराच्या चौकटीचं सागवान माळ्यावर पडून होतं. त्यातला हातभर तुकडा कापून नातवानं त्याची दोन सारखी फाळकी केली. दोन्ही समोरासमोर ठेवली तर मधून उजेड दिसू नये इतकी रंध्यानं सपाट केली. मग पटाशीनं प्रत्येक फाळक्यात अर्ध्या गोलाईची एक खाच काढली, म्हणजे दोन्ही मिटल्यावर आत बोटाच्या पेराएवढी लांबट पोकळी तयार व्हावी. वरून शिसं ओतायला तोंड. गोळीला दोरी ओवायचं भोक हवं, म्हणून सायकलच्या चाकाची तार पोकळीच्या मधोमध आरपार बसवली. शिसं थिजलं की तार उपसायची. खाचांना चिमणीची काजळी धरली, त्यामुळं शिसं लाकडाला चिकटत नाही.

साचा झाल्याबरोबर ओतायची नातवाला घाई. म्हातारा म्हणाला, “वायच थांब. लाकूड वरना सुका दिसता, आत पाणी आसता.” साचा त्यानं चुलीवरच्या माळ्यावर ठेवायला लावला आणि चांगला आठवडाभर खाली काढू दिला नाही. यात म्हातारपणाचा हट्ट नव्हता. लाकडात दडलेला ओलावा तापल्या शिशाखाली आला की त्याची एकदम वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या हजारपटीहून जास्त जागा लागते. ती जागा तिला साच्याच्या तोंडातूनच मिळते, आणि वाटेत असलेलं शिसं ती उडवते, ओतणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत.

ओतायचा दिवस आला तेव्हा म्हाताऱ्यानं चूल घरात पेटवू दिली नाही. खळ्याच्या टोकाला तीन दगड मांडले, वारा पाठीवर घेतला, करवंट्यांचा जाळ केला. शिसं वितळवायला जुनं लोखंडी भांडं आणि लांब दांड्याची पळी वेगळी काढली. ती दोन्ही पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाहीत असं सुनेला सांगून टाकलं. शेजारची लहान मुलं बघायला जमली, त्यांना घरी पिटाळलं. शिसं हे विष आहे, आणि ते मुलांच्या मेंदूवर जातं. मुलांच्या रक्तात किती शिसं असलेलं चालतं याची एकही सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. म्हाताऱ्याला ती संघटना ठाऊक नव्हती. पण पाग फेकताना कड दातात धरणाऱ्या पोरांना तो आयुष्यभर ओरडत आला होता, सूत धरा, गोळी तोंडात घालू नका म्हणून. शिसं हाताळलेले हात साबणानं धुतल्याशिवाय त्याच्या घरात कुणी पानावर बसत नसे. हे काम ज्याला करायचं असेल त्यानं एवढं तरी पाळावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून गोष्टीत थांबून सांगितलं.

शिसं वितळलं. वर आलेली मळी पळीनं बाजूला काढली की खालचं शिसं लख्ख दिसायला लागतं आणि लगेच पुन्हा त्यावर करडी साय धरते. पहिल्या दोन-तीन गोळ्या सुरकुतलेल्या, कडेला अर्धवट निघाल्या. साचा गार असला की शिसं पोकळीत पुरतं पसरायच्या आधीच थिजतं. म्हाताऱ्यानं त्या परत भांड्यात टाकल्या. शिशाचं हे एक बरं असतं, चुकलं तर ते पुन्हा वितळून नव्यानं घडायला तयार. साचा कोमट झाला आणि मग एक गोळी निघाली, गुळगुळीत, भरीव, कडा नीट. तार उपसून म्हाताऱ्यानं ती दोन बोटांत फिरवली, पागावरच्या जुन्या गोळीशी लावून पाहिली आणि पडवीच्या कोनाड्यात नेऊन ठेवली.

“ही पयली. ही ओवूची नाय. परत्येक गोळी हिच्याशी ताडून बघ, मगेच टोपलीत टाक.”

एवढं सांगून तो लेकीच्या गावी लग्नाला निघून गेला.

नातू कामाला आळशी नव्हता. गोष्टीत हे महत्त्वाचं आहे, म्हणून ठासून सांगतो. तो शिसं ओतायचा, दहा आकडे मोजायचा, पाचर सैल करून फाळकी उघडायचा, तार काढायचा, जोडावर आलेला पापुद्रा सुरीनं छाटायचा आणि मग खळं ओलांडून पडवीत जाऊन कोनाड्यातल्या गोळीशी नवी गोळी ताडून बघायचा. सुरुवातीच्या काही गोळ्यांना त्यानं असंच केलं. सगळ्या जुळल्या. मग त्याच्या मनात आलं, खळ्यातून पडवीपर्यंत दर वेळी कशाला जायचं? तोवर जाळ मंदावतो, साचा गार होतो. आत्ताच काढलेली गोळी जवळच पडलीय, ती पहिलीसारखीच आहे, नवी तिच्याशी ताडली म्हणजे झालं. आणि खरंच, त्यानं प्रत्येक गोळी आदल्या गोळीशी ताडून बघितली. एकही तशीच टोपलीत टाकली नाही. प्रत्येक वेळी दोन्ही सारख्याच निघाल्या.

आता लाकडाच्या साच्यात काय होतं ते बघा. शिसं वितळायला ३२७ अंश सेल्सिअस तापमान लागतं. लाकूड त्याच्या आधीच करपायला लागतं. म्हणजे ओतलेली प्रत्येक गोळी साच्याचा आतला थर जाळून जाते. धुराची बारीकशी रेघ निघते, खाच आणखी काळी पडते, करपलेल्या थराचा कण गोळीबरोबर निघून येतो. खाच त्या कणापुरती रुंदावते. पुढची गोळी त्या कणापुरती जाड. हा फरक बोटांना लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या पुढची आणखी एका कणानं जाड, तीही शेजारणीला जुळणारी. साठेक गोळ्या होईपर्यंत नातवाच्या हाताखाली फक्त जुळणाऱ्या जोड्याच येत गेल्या, आणि शेवटची गोळी पहिलीच्या मानानं चांगली सव्वापट झाली.

निघाल्या त्याच क्रमानं त्यानं त्या ओवल्या. संध्याकाळी भरतीला पाग घेऊन खाडीत उतरला. पाग फेकला तो तिरका उघडला. जड बाजू पुढं धावली आणि आधी बुडाली, तर हलकी बाजू दुमडून मागं राहिली. त्याला वाटलं, घडी नीट घेतली नाही. पुन्हा फेकला, पुन्हा तेच. मग वाटलं, वारा आहे. दुसऱ्या दिवशी वारा पडला होता, तरी पाग तिरकाच. काठावर बसलेल्यांपैकी एकानं मनगट फिरव म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं पाऊल पुढं टाक म्हणून सांगितलं, तिसऱ्यानं शिकलेल्या पोरांच्या हाताला पाग लागत नाही असा शेरा मारला. गोळ्यांबद्दल कुणीच बोललं नाही. नातवाला तर ती शंका येणंच शक्य नव्हतं. गोळ्या त्यानं स्वतः, एकेक करून, तपासल्या होत्या.

म्हातारा परतला. त्यानं पाग खांद्यावर घेतला, कड हातातून एकदा सरकवली आणि काही न बोलता दोन गोळ्या कापून काढल्या. एक नव्या गोळ्यांच्या सुरुवातीची, एक शेवटची. नातवाला घेऊन देवळाजवळच्या दुकानात गेला. तिथं दोन पारड्यांचा तराजू अजून वापरात होता. एका पारड्यात एक गोळी, दुसऱ्यात दुसरी. तराजू उचलल्याबरोबर एक पारडं खाली गेलं.

नातू रडकुंडीला आला. “आजो, मियां परत्येक गोळी ताडून बघलंय.”

“कोणाशी?”

“आदल्या गोळयेशी.”

“आणि पयली?”

“ती कोनाड्यात होती.”

म्हातारा रागावला नाही. त्यानं दुकानदाराकडून एक किलोचं लोखंडी वजन मागून घेतलं आणि नातवासमोर उलटं धरलं. बुडाच्या भोकात शिशाची खिट्टी होती आणि तिच्यावर सरकारी शिक्के उठवलेले. दुकानदार म्हणाला, “दर दोन वर्सांनी ह्या तपासून घेवचा लागता. लोखंड घासता, गंजता. माका रोज बघून कळणा नाय.”

“ऐकलंस?” म्हातारा म्हणाला. “ह्या दुकानदार काय चोर न्हय. तरी वजन नेऊन मूळ वजनाशी ताडून घेता. तुझा लाकूड दर खेपेक केसभर जळत होता, आणि केस काय दिसणा नाय. कालच्याशी ताडून बघलंस तर आजचा सगळा बराच दिसतला. ताडूचा तर पयल्याशी ताड.”

या गोष्टीचं तात्पर्य हेच, आणि ते म्हाताऱ्यानं भर दुकानात सांगून टाकलं. मला त्याचं मोल जास्त वाटतं ते एवढ्यासाठी, की नातू बेपर्वा नव्हता. बेपर्वा माणसाला ‘नीट बघ’ म्हणून सांगता येतं. जो नीट बघतोच आहे त्याला काय सांगणार? तो कशाशी ताडून बघतोय, एवढंच विचारता येतं. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञानं १९९५ साली आपल्याच क्षेत्रातल्या अभ्यासकांना हाच प्रश्न विचारला होता. त्याचं म्हणणं असं, की अभ्यासकांची प्रत्येक पिढी आपण काम सुरू केलं तेव्हाचा समुद्र हाच मूळचा समुद्र धरून चालते आणि पुढची घट त्याच्याशी ताडून मोजते. तिच्या आधी काय घटलं ते हिशेबात येतच नाही. आणि मूळ माप जपून ठेवलं तरी काम संपत नाही. पॅरिसजवळ सेव्हर इथं १८८९ पासून जगाचा मूळ किलोग्रॅम काचेच्या घंटांखाली ठेवलेला होता. प्लॅटिनम आणि इरिडियमचा तो लहानसा ठोकळा शंभरेक वर्षांनी आपल्याच नकलांशी ताडून पाहिला, तेव्हा त्यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला आढळला. आता कोण बदललं, मूळ की नकला, हे कसं ठरवायचं? म्हणून २० मे २०१९ पासून किलोग्रॅम निसर्गातल्या न बदलणाऱ्या एका राशीवर, प्लांकच्या स्थिरांकावर, ठरवला जातो. इतकी यातायात माणसानं एका वजनासाठी केली.

गोष्टीकडे वळू. घरी आल्यावर नातवानं सगळ्या गोळ्या कापून पुन्हा भांड्यात टाकल्या. या वेळी दोन साचे केले. कोनाड्यातली गोळी खळ्यात, हाताशी, दगडावर आणून ठेवली. साच्यातून निघालेली गोळी तिच्यापेक्षा नखभरही फुगलेली लागली, की तो साचा चुलीत. शिसं जरा कमी पडेल असं वाटलं, म्हणून जुना डबा तळापर्यंत उपसला तर तळाशी बांबूची एक पट्टी निघाली. अंगठ्याच्या घासानं गुळगुळीत, पिवळसर झालेली, दोन बोटं रुंद.

“ह्या काय?”

“माझ्या बापाशीची पट्टी. जाळा विणताना आस धरूची.” आस म्हणजे जाळ्याचं भोक. सूत पट्टीभोवती घेऊन गाठ मारली की प्रत्येक आस पट्टीच्या मापाचा होतो.

नातवाला नुकताच धडा मिळाला होता आणि तो अजून ताजा होता. त्यानं पट्टी उचलली आणि अंगणात पसरलेल्या पागाच्या एका आसात घालून बघितली. पट्टी आत जाईना. दुसऱ्या आसात घातली, तिथंही जाईना.

म्हातारा बघत राहिला. मग म्हणाला, “तेवा मासो मोठो होतो.”

“मगे बारीक कधी झालो?”

या प्रश्नाला म्हाताऱ्याकडे उत्तर नव्हतं. साल सांगता येईना. त्यानं आठवून आठवून जे सांगितलं ते असं. बापाचा सुताचा पाग जीर्ण झाला तेव्हा त्यानं नवा विणला, आणि माप घेतलं ते पट्टीवरून नाही, बापाच्या पागावर बोटं ठेवून. सूत पाण्यानं आखडतं, हे पागीला कुणी शिकवायला नको. तो आखडलेला आस नव्या पागाचा आस झाला. तो पागही काही वर्षांत आखडला. पुढं नायलॉन आलं तेव्हा त्याचा आस त्या आखडलेल्या पागावरून घेतला. मधल्या काळात खाडीत मोठ्या बोयी कमी झाल्या होत्या, म्हणून आणखी थोडा बारीक धरला, फार नाही, आदल्या पागाहून केसभर. दर वेळी त्यानं ताडून बघितलं होतं. दर वेळी जुळलं होतं. आणि आता त्याच्या पागात जी करंगळीएवढी पिल्लं येत होती, ती टोपलीत टाकताना त्याला काही वावगं वाटत नव्हतं, कारण गेल्या वर्षीही एवढीच येत होती.

तो उठून आत गेला आणि रात्री जेवायलाही उशिरा आला. जेवताना सुनेनं विचारलं, नवा पाग विणायचा तर या पावसात खायचं काय? प्रश्न खरा होता. मोठ्या आसातून बारीक मासा निघून जाणार, आणि खाडीत सध्या बारीकच जास्त. एका घरानं आस वाढवला म्हणून खाडी भरत नाही, पलीकडच्या काठाचे लोक तीच पिल्लं धरणार. म्हाताऱ्यानं यातलं काहीच नाकारलं नाही. नवा पाग बापाच्या पट्टीवर विणायचा आणि तो होईपर्यंत हाच वापरायचा, पण करंगळीएवढं जे येईल ते जाळ्यातूनच परत सोडायचं, असं ठरलं. सून म्हणाली, मग यंदा बाजारात न्यायला थोडंच उरेल. म्हातारा हो म्हणाला.

पावसाळ्यात पडवीत विणकाम चाललं. म्हातारा सांगायचा, नातू गाठी मारायचा. गोळ्या पहिल्या गोळीच्या मापाच्या ओवल्या. नारळी पौर्णिमेच्या आसपास पाग तयार झाला. पहिल्या फेकीला पुरता गोल उघडला, त्यात मासे थोडे आले, पण जे आले ते हातभर लांबीच्या जवळपासचे. काठावरच्या दोघांना तो पाग आवडला. त्यातल्या एकानं विचारलं, “पट्टी दितस?” नातवानं त्याच मापाची दुसरी पट्टी तासून दिली.

महिन्याभरानं वाडीतला तिसरा माणूस आला. त्याच्या हातात पट्टी तयार होती. शेजाऱ्याच्या पट्टीवरून काढली, नुसती बघून दे म्हणाला. नातवानं आतून पणज्याची पट्टी आणली आणि दोन्ही एकावर एक ठेवून उजेडात धरल्या. नवी पट्टी नखाच्या जाडीएवढी कमी होती. तो माणूस म्हणाला, एवढ्यानं काय होतंय? नातवानं वाद घातला नाही. त्यानं बांबूचा एक नवा तुकडा घेतला, जुनी पट्टी त्यावर ठेवून सुरीच्या टोकानं रेघ मारली आणि तासायला बसला. तो माणूसही पायरीवर बसून राहिला, पट्टी होईपर्यंत.